बर्डीवरच्या हॉटेलात बाबांची पंचाहत्तरी

प्रश्न : येत्या डिसेंबरात माझे वडील ७५ वर्षांचे होतात. ते बँकेत रोखपाल होते. माझ्या आणि माझ्या भावाच्या लहानपणी, म्हणजे साधारण १९८० ते १९९० या काळात, घरातला प्रत्येक वाढदिवस सीताबर्डीवरच्या एकाच दाक्षिणात्य हॉटेलात साजरा होत असे. बाबा बँकेतून परस्पर तिथे येत, आई आम्हा दोघांना घेऊन सायकलरिक्षाने धरमपेठेतून बर्डीवर जाई आणि जिना चढून पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये आम्ही चौघे बसत असू. मेनूकार्ड बाबांच्याच हातात असे. आधी मसाला डोसा, मग ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी कसाटा आणि शेवटी आई-बाबांची कॉफी, हा क्रम कधी मोडला नाही. आई सहा वर्षांपूर्वी गेली. परवा भावाने फोनवर पंचाहत्तरीचा विषय काढला, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, 'बर्डीवर जाऊ.'

भाऊ पुण्याला असतो. सकाळी ऐंद्री शांत, म्हणजे पंचाहत्तरीला करतात तो धार्मिक विधी, आणि रात्री वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात हॉल घेऊन शंभर माणसांचे जेवण, असा त्याचा बेत आहे. पंचाहत्तरी कधी डोसा खाऊन साजरी करतात का, असे तो विचारतो. मी गेल्या महिन्यात त्या जुन्या हॉटेलात मुद्दाम एकटी जाऊन आले. फॅमिली रूम काढून टाकल्या आहेत, संगमरवरी टेबलांच्या जागी सनमायका आला आहे आणि सांबार तर गोड व पाणचट लागले. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, खाली कवळी आहे. त्यांना तिथे नेऊन त्यांचा हिरमोड होऊ द्यावा, की आधीच खरे काय ते सांगून भावाच्या बेताला त्यांचा होकार मिळवावा?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण सहज लिहून पुढे गेलात : 'मेनूकार्ड बाबांच्याच हातात असे.' बाबांना तिथे अवश्य न्यावे असे माझे मत आहे आणि ते मुख्यतः या एका वाक्यामुळे झाले आहे.

हॉलमधल्या समारंभात सत्कारमूर्तीला स्वतःचे असे काही करायचे नसते. खुर्चीवर बसायचे, शाल-श्रीफळ घ्यायचे, ओवाळणाऱ्यांपुढे मान तुकवायची, ज्यांची नावे पटकन आठवत नाहीत अशांना 'जेवून जा हं' म्हणायचे आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी गार ताटावर बसायचे. बर्डीवरच्या त्या टेबलाशी मात्र आपले वडील यजमान होते. महिन्याच्या खर्चातून बाजूला काढलेल्या पैशांत चार माणसांना काय काय मागवता येईल याचा हिशेब ते मेनूकार्डाच्या आड मनातल्या मनात करीत असणार आणि त्याचा पत्ता मुलांना लागू न देता 'अजून काय घेणार?' असे विचारत असणार. आता औषधांपासून विजेच्या बिलापर्यंत त्यांचे सगळे कोणीतरी दुसरेच पाहत असेल. ते 'डोसा खाऊ' म्हणाले नाहीत, 'बर्डीवर जाऊ' म्हणाले, याकडे मी आपले लक्ष वेधते.

तेव्हा मेनूकार्ड त्यांच्या हाती द्यायचे, ऑर्डर त्यांनीच द्यायची आणि बिलही त्यांनीच भरायचे, हे घरात आधी ठरवून टाका. आपला भाऊ बहुधा फोन काढून काउंटरवर परस्पर पैसे भरून मोकळा होण्याच्या तयारीत असेल. त्याला त्या दिवसापुरते आवरा. जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेल्या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या मोजू द्याव्यात. ते बिल वाचल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून सांगते : पाच टक्के जीएसटी लावलेला असेल तो रीतसर आहे, पण 'सेवा शुल्क' म्हणून वेगळी रक्कम आपसूक जोडलेली असेल, तर ती देणे बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. शांतपणे सांगितले तर ती रक्कम बिलातून कमी करून मिळायला हवी. तरीही न केल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण वाढदिवसाच्या टेबलावरून कृपा करून ती करू नका. बडीशेपेच्या बशीत वेटरसाठी किती ठेवायचे, ते बाबा ठरवतील.

आता त्या सांबाराविषयी. आपल्या निष्कर्षावर माझा तितकासा विश्वास नाही, त्याबद्दल राग मानू नये. उडुपी पद्धतीच्या सांबारात गूळ पूर्वीपासूनच पडत आला आहे. आपण ज्या वयात ते खात होतात त्या वयाच्या मुलांना मोठ्यांपेक्षा गोड अधिक आवडते, त्यामुळे तेव्हा तो गूळ आपल्याला खटकला नसेल, किंबहुना त्यासाठीच आपण दुसरी वाटी मागत असाल. त्यानंतर इतकी वर्षे आपण नागपुरात तर्री-पोहे खाल्लेत. त्या जिभेला उडुपी सांबार पाणचट वाटले, तर सगळा दोष आचाऱ्याकडे जात नाही. (नागपूरकराला सांबार म्हणजे मुळात कोथिंबीर, हा आणखी वेगळा घोटाळा. आमच्या घरी पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना 'भाजीत सांबार घातला आहे' असे सांगितल्यावर ते बराच वेळ भाजीत डाळ शोधत होते.)

हॉटेलही बदललेले असणारच. आचारी बदलला की डाळ-मसाल्याचे प्रमाण बदलते, भट्टी जाऊन गॅस आला की तवा तापण्याची रीत बदलते, लोण्याऐवजी तेल सुटले की डोशाचा वास बदलतो. शिवाय आपल्याकडे डिसेंबरात रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि डोशाचे पीठ त्या थंडीत उन्हाळ्यासारखे रात्रीत फुगत नाही. आचाऱ्याने ते उबेला जास्त वेळ ठेवले नाही, तर डोसा कमी आंबट आणि थोडा चिवट होतो. डिसेंबरातला वाढदिवस असल्यामुळे बाबांच्या आठवणीतला त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाचा डोसाही थंडीतलाच असेल, हा त्यातला एक बारीकसा फायदा.

त्याहून मोठा बदल बाबांच्या बाजूचा आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराचसा भाग खरे तर वास असतो आणि साठी-पासष्टीनंतर बहुतेकांची वास घेण्याची शक्ती कमी होत जाते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या काही जणांना तोंडात धातूसारखी चव जाणवते. म्हणजे तेव्हाचाच आचारी, तेव्हाच्याच भांड्यात, तेव्हाचेच सांबार करून वाढू लागला, तरी ते बाबांना तसे लागण्याची खात्री नाही. गंमत अशी की ही गोष्ट आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते, कारण घरच्या वरणाच्या बाबतीत ते तिचा अनुभव रोज घेत असतात आणि त्याबद्दल काही बोलत नाहीत. ज्या हिरमोडापासून आपण त्यांना वाचवू पाहता, त्याची त्यांना केव्हाच सवय झाली असेल.

याबाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला तिच्या वाढदिवसाला तिच्या आवडत्या जुन्या हॉटेलात नेले. शहरातलेच होते, नाव सांगत नाही. आलूबोंड्यासोबत येणारी पातळ चटणी जाऊन तिथे बाटलीतला सॉस आला होता आणि कॉफी काचेच्या पेल्याऐवजी कागदी कपात दिली. मी वेटरला बोलावले, मग मॅनेजरला बोलावले, आणि पूर्वी इथे काय काय मिळायचे याची यादी त्या बिचाऱ्या पंचविशीतल्या मुलाला ऐकवली. तो 'हो मॅडम, हो मॅडम' करीत उभा राहिला. आईने तेवढ्यात आलूबोंडा अर्धा खाऊन बशी बाजूला सारली होती. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, 'मला चालत होतं ना ते.' त्या कागदी कपाची कड तिने बोटाने हळूहळू उलगडून सरळ केली होती, हे मात्र मी टेबलावर असतानाच पाहिले होते आणि तरीही बोलत राहिले होते.

म्हणून बाबांना आधी काय सांगावे, याचे उत्तर असे : जे डोळ्यांना दिसते ते सांगावे, जे जिभेला वाटले ते सांगू नये. 'फॅमिली रूम आता नाहीत, टेबले बदलली आहेत, मी पाहून आले' एवढे जरूर सांगा, म्हणजे दारातून आत शिरताना धक्का बसणार नाही आणि पडदे कुठे होते हे नातवंडांना दाखवण्याची त्यांची मनाची तयारी होईल. सांबाराचे मात्र त्यांचे त्यांना ठरवू द्या. ते स्वतःच 'पूर्वीसारखे राहिले नाही' म्हणाले, तर त्यांना समजावू नका आणि त्यांच्या सुरात सूरही मिसळू नका. पूर्वी कसे होते, ते विचारा. आईचा विषय बहुधा तिथूनच निघेल. तो निघावा म्हणूनच ते बर्डीवर जाऊ म्हणत असावेत, अशी मला शंका आहे. आईची खुर्ची रिकामी ठेवणे, तिचा फोटो नेणे असले काही मात्र कोणाच्या डोक्यात असेल, तर ते काढून टाका. कॉफी मागवताना ते एक कॉफी जास्त मागवतात का, इतकेच पाहा आणि मागवली तर ती गुपचूप आपण प्या.

वेळेचा नीट विचार करावा लागेल. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात असते आणि १९५३ च्या नागपूर कराराने या शहराला जे काही दिले, त्यात त्या दिवसांतली वाहतूककोंडीही आहे. अधिवेशनाच्या तारखा बाबांच्या वाढदिवसावर आल्या, तर मोर्चे आणि कठडे यांमुळे सिव्हिल लाइन्सपासून बर्डीपर्यंत गाडी अडकून पडेल आणि वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलांतील खोल्याही मुंबईहून येणाऱ्यांनी भरलेल्या असतील. ही दुसरी गोष्ट भावाच्या कानावर घालायला हरकत नाही. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच एकत्र येतात आणि स्थानकात लिफ्ट आहे, त्यामुळे गर्दीच्या दिवशी तो मार्ग गाडीपेक्षा सुखाचा ठरेल. मात्र स्थानकापासून हॉटेलपर्यंत किती पावले चालावे लागते, ते आधी स्वतः चालून पाहा.

रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारी चारची वेळ धरा. त्या वेळी गर्दी कमी असते, उन्हाची ऊब असते आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याच्या आत परतता येते. उतारवयात ऐकू कमी येते ते विशेषतः गोंगाटात, म्हणून भिंतीला पाठ लागेल असे कोपऱ्यातले टेबल मागा. स्वयंपाकघराच्या दारापासून आणि एक्झॉस्ट पंख्यापासून ते जितके लांब तितके बरे. वरच्या मजल्याचा हट्ट नको. बाबा स्वतः 'वर जाऊ' म्हणाले, तर जिन्याला कठडा आहे ना आणि तो हलत नाही ना, हे आपण आधीच्या फेरीत पाहिलेले असावे.

मधुमेहाच्या बाबतीत लोक डोशाला फार भितात आणि उशिराला अजिबात भीत नाहीत. तांदळाचा डोसा आणि आत बटाट्याची भाजी यांनी साखर वाढते हे खरेच आहे, आणि त्यावर नारळाची चटणी व डाळीचे सांबार जास्त, भाजी कमी, कसाट्याचे दोन चमचे नातवाच्या बशीतून, असा मध्यममार्ग काढता येतो. पण साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन माणूस बसला आहे आणि जेवण तासभर पुढे गेले आहे, तर साखर एकाएकी घसरते, आणि घाम, थरथर, भोवळ असे प्रकार भर हॉटेलात सुरू होतात. समारंभाच्या जेवणात नेमके हेच होते, कारण तिथे पाहुणे आल्याशिवाय पान वाढत नाहीत. त्या दिवशी गोळी केव्हा घ्यायची, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. कवळीला कुरकुरीत कडा त्रास देते, तेव्हा डोसा मऊ ठेवायला सांगावा. आचारी तो हसत हसत ठेवतो. केक नेऊ नका, असे मी सुचवीन. डिसेंबर म्हणजे आपल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांचे दिवस. घरी परतल्यावर ओवाळून झाले की एक संत्रे सोलून सगळ्यांनी वाटून खाल्ले, तर बाबांना बाजूला बसून नुसते पाहत राहावे लागणार नाही.

राहता राहिला भाऊ. त्याच्या मनातही काही खोट नाही. दूर राहणाऱ्या मुलाला एका दिवसात बरेच काही फेडायचे असते आणि ते मोठ्या हॉलमध्ये केले की दिसते. शांत करायची असेल तर ती घरी सकाळी होऊ शकते, त्यासाठी हॉल लागत नाही. शंभर माणसांऐवजी तीस जणांना पुढच्या रविवारी घरी उपम्याला बोलावता येते. त्याला एवढेच विचारा की बर्डीवर त्याच्या वाढदिवसाचा कसाटा येई, तेव्हा त्यातला हिरवा भाग कोण खाई आणि गुलाबी कोण. याचे उत्तर त्याला येत असेल, तर तो हॉलचे आगाऊ पैसे परत मागायला स्वतःच फोन लावील.

प्रश्न : आजोबांचा ८० वा वाढदिवस आहे आणि त्यांना तो त्यांच्या नेहमीच्या सावजी भोजनालयातच हवा आहे. आई शुद्ध शाकाहारी आहे. ती 'तुम्ही जा, मी घरी थांबते' म्हणते. काय करावे?
(एक विद्यार्थी, नंदनवन, नागपूर)

उत्तर : तुझ्या आईला घरी ठेवून गेलात, तर आजोबा जेवतील पण बोलणार नाहीत. सावजी म्हणजे केवळ मटण, असा समज नागपूरबाहेर आहे. हलबा-कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेल्या या रांधणीत पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा यांनाही तितकाच मान आहे. प्रश्न भांड्यांचा आणि डावाचा आहे. दोन दिवस आधी जाऊन शाकाहारी रस्सा वेगळ्या पातेल्यात होतो का, ते मालकाला सरळ विचार. नेहमीचे गिऱ्हाईक असेल, तर तो खोटे सांगत नाही. वेगळा होत नसेल, तर आईला तिथे भाकरी-कांदा खायला लावण्याऐवजी शेजारच्या हॉटेलातून तिचे ताट आणण्याची परवानगी त्याच्याकडून घे. आणि आजोबांच्या तब्येतीसाठी रस्सा वेगळ्या वाटीत मागव, तर्री वरची वर काढून. ८० व्या वर्षी रात्री नऊनंतर तो रस्सा खाऊ नये, हे तूच सांग. नातवाचे ते ऐकतात.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या ज्या हॉटेलात आमच्या घरातले सगळे वाढदिवस होत, ते बंद झाले. वडिलांच्या वाढदिवसाला नागपूरला येतो आहे. तिथले पदार्थ घरी करून, तशीच टेबले मांडून त्यांना चकित करावे असा विचार आहे.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : टेबले मांडू नका. स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात गिऱ्हाईक होऊन बसायला वडिलांना संकोच वाटेल आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते कौतुक करीत राहतील. त्यापेक्षा सकाळी उन्हात त्यांना त्या रस्त्यावर घेऊन जा. हॉटेलच्या जागी आता कापडाचे किंवा मोबाइलचे दुकान असेल, पण अशा हॉटेलांच्या बाहेरचा पानठेला सहसा हलत नाही. तिथे थांबून वडिलांना बोलू द्या. मालकाची मुले कुठे गेली आणि आचारी आता कोणाकडे कामाला आहे, हे पानवाल्याला बहुधा ठाऊक असते, आणि आचाऱ्याचा पत्ता लागला तर दुपारचे जेवण कुठे करायचे, हा प्रश्न उरत नाही.